आधी अपडेट, मग दुरुस्ती

सर्व्हिस सेंटरात येणारी गिऱ्हाईकं तिला नाहीबाई म्हणायची. तोंडावर नाही म्हणायची. दाराबाहेर पाऊल टाकताना म्हणायची, पण काचेचं दार सावकाश बंद होणारं, त्यामुळे तिला ते नीट ऐकू जायचं. ती मान वर न करता पुढचा नंबर पुकारायची. इतक्या वर्षांत तिने एकालाही त्यावरून टोकलं नाही. टोकून करणार काय? दिवसभर ती नाहीच तर म्हणत होती.

धंदा असा होता. कंपनी फोन आणि टॅब्लेट बनवायची, आणि ती यंत्रं ज्या सिस्टिमवर चालतात ती सिस्टिम दर वर्षी बदलायची. नवी आवृत्ती आली की जुनीचे लाड बंद. आधी बारीकसारीक डागडुजी थांबायची, मग एकेक अ‍ॅप रुसायचं, मग बँकेचं अ‍ॅप उघडेना, आणि मग माणूस धडधाकट फोन हातात घेऊन काउंटरवर यायचा न् विचारायचा, याला झालंय काय? याला काहीही झालेलं नसायचं. तडा नाही, ओरखडा नाही. कंपनीने हात वर केले होते, इतकंच. आणि ते सांगायला कंपनी स्वतः येत नाही, ती एका बाईला खुर्चीवर बसवते.

बरं, बोलायचं काय तेही ठरवून दिलेलं. ‘जुना’ म्हणायचं नाही, ‘बंद’ म्हणायचं नाही. ‘आपल्या उपकरणाचा सपोर्ट कालावधी पूर्ण झाला आहे,’ असं म्हणायचं. पूर्ण झाला आहे म्हणे. समोरच्याच्या अंगाचा तिळपापड व्हायला हे एक वाक्य पुरे. लोक तिच्या सात पिढ्या काढायचे. एका आजोबांनी काउंटरवर फोन असा आपटला की त्यांच्याच कवळीला धक्का बसला. तेव्हाही ती म्हणाली, ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे.’ कंपनी दिलगीर आहे. ही नाही. हिला दिलगीर व्हायची परवानगी नव्हती.

तिच्या डोक्यावर भिंतीवर पाटी होती: ‘आधी अपडेट, मग दुरुस्ती.’ काच फुटलेली असो, बटण अडकलेलं असो, जे यंत्र काउंटरवर येईल त्याला आधी टेबलावरची काळी केबल लावायची. पडद्यावर प्रश्न आला की ‘हो’ दाबायचं. निळी पट्टी शेवटपर्यंत भरली की मगच यंत्र मागच्या खोलीत, कारागिराकडे. साहेबांना कुणी कारण विचारलं तर ते म्हणायचे, ‘जुन्या सिस्टिमला भोकं असतात, चोर तिथूनच शिरतो.’ आणि दुर्दैव असं की हे खरं होतं. एका शिक्षिकेचं खातं असंच धुवून नेलेलं नाहीबाईने डोळ्यांनी पाहिलं होतं. पण अपडेट झाल्यावर जुना फोन गोगलगायीसारखा चालायचा आणि निम्मे लोक महिन्याभरात नवा घ्यायला यायचे, हेही खरं होतं. ते साहेब सांगत नसत.

तर केबल लावायची, हो दाबायचं. तिचा डावा हात हे इतका सरावाने करायचा की तोंडाने ती एकाला नाही म्हणत असे आणि हात दुसऱ्याचं काम उरकत असे. कामात तरबेज, असं साहेबही म्हणायचे. पुढे जे झालं ते या तरबेज हातानेच केलं.

आता घर. सेंटरपासून घर हाकेच्या अंतरावर, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. नवरा लांब पल्ल्याचा टँकर चालवायचा. महिन्यातले थोडे दिवस घरात आणि त्यातले बरेचसे झोपेत. माणूस वाईट नव्हता, फक्त नसायचा. घरात असायचे सासरे आणि सासू.

सासरे फळांच्या घाऊक बाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात त्यांना भोंगा म्हणत. आवाज असा की या टोकाला ‘एक वार’ म्हणाले तर त्या टोकाचा हमाल पाटी खाली ठेवायचा. घरीही तोच आवाज, तीच पट्टी. पाणी मागायचं तरी लिलाव, पंखा लावायला सांगायचं तरी लिलाव. आणि जीभ म्हणजे कात्री. चांगला शब्द त्यांच्या तोंडून कुणी ऐकला असेल तर तो त्यांनी चुकून उच्चारला असेल. सून घरात आली त्याच वर्षी तिला सेंटरात नोकरी लागली. भोंगा दारात आडवे झाले. ‘बाईमाणूस काउंटरवर बसून गावाच्या शिव्या खाणार? त्यापेक्षा घरात बसून माझ्या खा.’ तेव्हा सासूने, जी एरवी मूग गिळून बसायची, सुनेच्या हातात डबा दिला आणि म्हणाली, ‘जा गं तू. याच्याकडे मी बघते.’ कसं बघितलं कोण जाणे, पण नोकरी टिकली. नाहीबाई ते विसरली नाही. या घरात आपलं कोण, याचा निकाल तिच्यापुरता त्या दिवशी लागला.

भोंग्याने मात्र हार मानली नाही. रोज संध्याकाळी ती दारात चपला काढायची आणि आतून आरोळी यायची, ‘आली का कंपनी उंडारून?’ तिला कंपनीच म्हणायचे. आणि स्वयंपाकघरातून सासूचं उत्तर यायचं, ‘तिला बोलू नका हो. दमून येते ती.’ रोज. वर्षानुवर्षं. सून हात धुवायला जायची, भोंगा पुढच्या विषयाकडे वळायचे. त्यात ऐकण्यासारखं काही आहे असं तिघांपैकी एकालाही वाटत नव्हतं.

मग भोंग्याच्या घशात गाठ निघाली. आवाजाची पेटी काढावी लागेल, म्हणाले डॉक्टर. इस्पितळात एक मुलगी होती, शस्त्रक्रियेआधी माणसाचा आवाज टॅब्लेटमध्ये भरून ठेवणारी. एका अ‍ॅपमध्ये बटणं, प्रत्येक बटणात एक वाक्य, माणसाच्या स्वतःच्या आवाजात. पुढे बटण दाबलं की वाक्य वाजणार. मुलीने छापलेली वाक्यं समोर धरली: ‘मला पाणी हवे आहे. कृपया दिवा लावा. धन्यवाद.’ भोंग्याने ती वाचली आणि विचारलं, ‘मी जन्मात कधी असा बोललोय? माझाच आवाज आणि माझ्याच बायकोला कळायचा नाही कोण बोलतंय ते.’ मग त्यांनी स्वतःची वाक्यं भरली. ‘चहा आहे की गटाराचं पाणी?’ ‘दार उघडा, कोण मेलंय ते बघा.’ ‘बंद कर ती टकळी.’ ‘ए, गिळ मुकाट्याने. नखरे नकोत.’ ‘आली का कंपनी उंडारून?’ आणि बाजाराच्या आठवणीसाठी एक ‘एक वार, दोन वार, तीन वार.’ ती मुलगी हसत होती म्हणतात. सून बाहेर बाकावर बसून दातओठ खात होती. आयुष्यात एकदा माणसाला निवडून बोलायची संधी मिळाली आणि त्याने निवडून शिव्या भरल्या.

टॅब्लेट कंपनीचाच होता. अ‍ॅप दुसऱ्या कुठल्याशा छोट्या कंपनीचं, आणि ती पुढच्या दोन-चार वर्षांत बुडाली. म्हणजे नवी सिस्टिम आली की हे अ‍ॅप चालणार नाही आणि चालवून द्यायला कुणी उरलेलं नाही. हे घरात फक्त नाहीबाईला कळत होतं. गावभरच्या यंत्रांना अपडेट पाजणारी ही बाई घरी या एका टॅब्लेटला डोळ्यांत तेल घालून जपत होती. त्याचं वायफाय तिने बंद करून टाकलं होतं. तरी वायफाय चालू असताना एकदा आलेला लाल ठिपका पुन्हापुन्हा उगवायचा, ‘नवी आवृत्ती उपलब्ध आहे’ असं नडायचा, आणि भोंगा अंगठ्याने ‘नंतर’ दाबायचे, गल्लीतलं कुत्रं हाकलावं तसं.

तिने ते जपलं ते सासऱ्यांसाठी नाही. त्यांचा तर ती मनापासून राग करत होती, आणि बटणांमुळे तो वाढलाच होता. आधी शिवी निदान त्या दिवसाची असायची. आता तीच शिवी, त्याच चढ-उतारासकट, रोज. तिने ते जपलं सासूसाठी.

सासूला विसरायचा आजार झाला होता. आधी किल्ल्या गेल्या, मग वार गेले, मग माणसं. मुलाला ती भाऊ समजायची. सुनेला विचारायची, ‘तू कुणाकडची गं?’ आणि जेवण विसरली. भूक लागते हेच विसरली. तोंडाशी चमचा नेला तर ओठ मिटून भिंतीकडे बघत बसायची. सून गोंजारायची, गाणं म्हणायची, बाळाला भरवावं तसं बोट दाखवून भुलवायची. काही उपयोग नाही. मग भोंगा समोरच्या खुर्चीवर बसून बटण दाबायचे: ‘ए, गिळ मुकाट्याने. नखरे नकोत.’ आणि सासू आ करायची. साऱ्या आयुष्यात ज्या आवाजाने तिला सुखाने घास गिळू दिला नाही, त्या आवाजाशिवाय आता घास उतरत नव्हता. नाहीबाईला याची मनस्वी चीड यायची. पण वाटी रिकामी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी सांगून ठेवलं होतं, तोंडाने खातायत तोवर घरी ठेवा. नाही खाल्लं तर नाकातून नळी, आणि नळी लावली की हात बांधावे लागतात, कारण ही माणसं नळी उपटतात.

आणि संध्याकाळी दारात चपला काढताना ‘आली का कंपनी’ वाजायचं, तेव्हा आतल्या पलंगावरून उत्तर यायचं, ‘तिला बोलू नका हो. दमून येते ती.’ कोण दमून येतं, ते सासूला ठाऊक नसायचं. वाक्याला वाक्य येत होतं. सून हात धुवायला जायची.

तुम्ही म्हणाल, ती बटणं दुसऱ्या फोनवर नुसती वाजवून भरून का नाही ठेवली? नवऱ्याने सुचवलं होतं. भोंग्याने टॅब्लेट छातीशी धरला आणि ‘दार उघडा, कोण मेलंय ते बघा’ हे बटण लागोपाठ दाबत राहिले, नवरा खोलीतून जाईपर्यंत. त्यांचं म्हणणं ओठांवरून नाहीबाईला वाचता आलं. एकदा आवाज तुमच्या खिशात गेला की मग म्हाताऱ्याची गरज काय? रात्री टॅब्लेट उशीखाली, दिवसा मांडीवर. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, आणि कंपनीने तर नाहीच नाही.

एका सकाळी टॅब्लेट चार्ज होईना. चार्जिंगचं भोक ढिलं झालं होतं. दुपारपर्यंत तो काळा पडला आणि दुपारच्या जेवणाला सासूने ओठ मिटले. रात्रीच्या जेवणाला मिटले. दुसऱ्या दिवशी सकाळी भोंग्याने टॅब्लेट सुनेसमोर धरला. देताना सोडेनात. दोघांनी तो असा दोन बाजूंनी धरला होता, आणि म्हातारा ओठ हलवून सांगत होता: अपडेट नको. तिने मान हलवली. पुन्हा: अपडेट नको. ‘बाबा, मला शिकवू नका,’ ती म्हणाली, ‘रोज तेच करते मी.’ आणि हिसकूनच घेतला. हे वाक्य तिला पुढे फार छळणार होतं.

तिने सगळं ठरवलं होतं. काउंटरवर नोंद करायचीच नाही, म्हणजे अपडेटचा प्रश्न नाही. मागच्या दाराने टॅब्लेट कारागिराकडे. कारागीर वयाने मोठा, सगळे त्याला दादा म्हणत. साहेबांवर त्याचा जुना दात होता, त्यामुळे नियम मोडायचं म्हटलं की त्याच्या हाताला गती यायची. जेवणाच्या सुट्टीआधी त्याने भोक बदलून टॅब्लेट तिच्या टेबलाखाली आणून ठेवला. ‘बॅटरी ठार आहे,’ म्हणाला, ‘भिंतीच्या चार्जरला लाव. टेबलाच्या केबलला लावू नकोस.’ ती म्हणाली, ‘दादा, मला माहितेय.’ अर्धा तास भिंतीला लावायचा, मग जेवणाच्या सुट्टीत मागच्या खोलीत बसून एकेक बटण वाजवून आपल्या फोनवर भरून घ्यायचं. म्हाताऱ्याला सांगायचंसुद्धा नाही. इतकं सोपं होतं.

भिंतीचा चार्जर दुसऱ्या कुणाच्या यंत्रात अडकला होता. तो मोकळा होईपर्यंत तिने टॅब्लेट टेबलावर ठेवला. तेवढ्यात एक गृहस्थ आले. काखेत हेल्मेट, कपाळावर शिरा. त्यांच्या फोनवर त्यांच्या मुलीच्या मधुमेहाचं अ‍ॅप होतं, साखर मोजणारं, आणि ते सकाळपासून म्हणत होतं, ही आवृत्ती चालत नाही.

‘आपल्या उपकरणाचा सपोर्ट कालावधी—’

‘तो कालावधी घाला चुलीत. काल चालत होतं ते आज का नाही चालत?’

‘सुरक्षेच्या कारणास्तव कंपनी—’

‘कुणाची सुरक्षा? माझ्या पोरीची?’ गृहस्थ पुढे वाकले. ‘तुम्हाला घरदार आहे का हो? तुमच्या घरात कुणी अशा डबड्यावर जगत असेल तेव्हा तुम्हाला समजेल.’

नाहीबाईचा चेहरा तसाच. ती त्यांच्या डोळ्यांत बघत ठरलेलं वाक्य बोलत राहिली. गैरसोयीबद्दल कंपनी दिलगीर आहे, आपण नवीन मॉडेलसाठी सवलत घेऊ शकता. आणि डाव्या हाताने ते केलं जे तो एरवी करायचा. टेबलावर यंत्र आहे, केबल लाव. प्रश्न आला, हो दाब.

गृहस्थ थुंकल्यासारखं तोंड करून निघाले. तिने खाली पाहिलं तेव्हा निळी पट्टी चतुर्थांश भरली होती.

केबल उपटायला तिचा हात गेला आणि मध्येच थांबला. पट्टी सुरू असताना केबल काढली तर यंत्र कायमचं मरतं. हे ती दिवसातून कितीतरी लोकांना सांगायची, ‘कृपया हात लावू नका.’ आता तिने स्वतःच्या हाताला सांगितलं. ती बघत राहिली. पट्टी अर्धी झाली, पाऊण झाली. पुढच्या नंबरची बाई म्हणाली, ‘अहो ताई, माझं बघता ना?’ नाहीबाईने त्या बाईचं बघितलं. तिलाही नाही म्हणाली.

टॅब्लेट उघडला तो नवा कोरा दिसत होता. आवाजाच्या अ‍ॅपचं चित्र राखाडी झालेलं. त्यावर बोट ठेवलं की पाटी: ‘हे अ‍ॅप या आवृत्तीवर चालत नाही. निर्मात्याशी संपर्क साधा.’ निर्माता बुडून वर्षं झाली होती. दादाने जेवण सोडून खटपट केली आणि कपाळाला हात लावला. ‘आवाज आत आहेत गं. पण कुलूप त्या अ‍ॅपचं, आणि किल्लीही त्याच्याचजवळ.’ मग ती साहेबांकडे गेली. जुनी आवृत्ती परत टाकता येईल का, तिने विचारलं. साहेबांनी पडद्यावरून नजर काढली नाही. ‘मागे जाता येत नाही. पॉलिसी आहे. तुम्हाला माहीत नाही का?’

‘घरातलं माणूस जेवत नाही साहेब, त्या आवाजाशिवाय.’

‘झालेल्या गैरसोयीबद्दल,’ साहेब म्हणाले आणि थांबले, कारण समोर ती होती. पुढचं वाक्य दोघांनाही पाठ होतं. त्यांनी नवीन मॉडेलवरची कर्मचारी-सवलत तेवढी सांगितली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या क्षणी ती काउंटरवर फोन आपटणाऱ्या सगळ्यांतली एक झाली, पण आपटायला तिच्या हातात होता तो टॅब्लेट, आणि तो आपटण्यात आता काही अर्थ नव्हता.

घरी भोंग्याने टॅब्लेट घेतला. राखाडी चित्रावर बोट ठेवलं. पुन्हा ठेवलं. मग अंगठा, मग मूठ. मग सुनेकडे बघून ओठ हलवले. एकच शब्द होता आणि तो वाचायला कष्ट पडले नाहीत: मुद्दाम.

नाही, असं ती म्हणणार होती. जिचा धंदाच नाही म्हणायचा, तिला ते एक नाही ठामपणे म्हणता येईना. इतकी वर्षं तिने मनातल्या मनात त्या आवाजाची मान मुरगळली होती. हात तिचाच होता. तो मनाचं ऐकत नसेलच, असं कुणी सांगावं?

नव्या सिस्टिममध्ये एक आवाज फुकट आला होता. लिहिलेलं वाचून दाखवणारा, गोड, कुणाचाच नसलेला. भोंग्याने एका बोटाने टाइप केलं आणि तो आवाज म्हणाला, ‘ए. गिळ मुकाट्याने. नखरे नकोत,’ बातम्या सांगाव्यात तसं. सासूने पांघरूण छातीपर्यंत ओढलं आणि इकडेतिकडे पाहिलं. ‘कोण पाहुणे आलेत?’ तिने सुनेला हळूच विचारलं. ‘पाहुण्यांसमोर मी नाही बाई जेवत.’ आणि ओठ मिटले.

ते ओठ मिटलेलेच राहिले. पाणी ओठांवरून ओघळायचं. डॉक्टरीणबाई येऊन गेल्या, कातडी चिमटीत धरून पाहिली आणि म्हणाल्या, उद्यापर्यंत बघू, मग नळी. नवऱ्याने फोनवर विचारलं, ‘तू कशी काय विसरलीस?’ आणि तिने फोन ठेवला. भोंगा तिच्याकडे बघत नव्हते. ती खोलीत आली की तोंड फिरवायचे. संध्याकाळी तिने दारात चपला काढायला घेतल्या आणि घर गप्प. आली का कंपनी नाही, आणि दमून येते ती हेही नाही. ती एक चप्पल हातात धरून तिथे उभी राहिली आणि तिला कळलं की एकाबरोबर दुसरंही गेलं. त्या आजारात सासूला सून आठवणारी ती एकच जागा शिल्लक होती, आणि ती हिने स्वतःच्या हाताने पुसली होती.

दुसऱ्या दिवशी सेंटरात तिच्यावर नेहमीपेक्षा जास्त ओरडा झाला. घरी आली तेव्हा भोंगा समोरच्या खुर्चीवर, चमचा तसाच भरलेला, सासूची मान भिंतीकडे, आणि तो गोड आवाज पुन्हापुन्हा, ‘कृपया जेवून घ्या. कृपया जेवून घ्या.’ म्हाताऱ्याने कृपया लिहिलं होतं. भोंग्याने. विनवणी करायची वेळ आली होती आणि बोलायला दुसऱ्याचं तोंड.

तिला राग आला. कंपनीचा आला, साहेबांचा आला, या म्हाताऱ्याचा तर फारच आला, की एक वाक्य, एक धड वाक्य भरून ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं तुमचं. तिने त्यांच्या मांडीवरचा टॅब्लेट उचलून पलंगाखाली सारला आणि त्यांच्या पाठीमागून, खुर्चीच्या पाठीला धरून, पोटातून ओरडली:

‘ए, गिळ मुकाट्याने. नखरे नकोत.’

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते हुबेहूब निघालं. आवाज बाईचा होता, पण ‘ए’वरचा तो हेल, ‘गिळ’चा तो दणका, ‘नखरे’च्या आधी घेतलेला श्वास, इतकी वर्षं रोज ऐकलेलं होतं, शिकायला वेगळं काही लागलंच नाही. शेजारच्या घरातला टीव्ही बंद झाला.

सासूने मान वळवली. ती सुनेकडे बघत नव्हती. नवऱ्याकडे बघत होती, त्याच्या तोंडाकडे. भोंगा गोठून बसले होते. मग त्यांचे ओठ हलले, वाक्य संपून गेल्यावर, उशिरा. सून पुन्हा ओरडली. या वेळी ओठ बरोबर हलले. ‘ए’ला ए, ‘गिळ’ला गिळ. सासूने आ केला. चमचा भोंग्याच्याच हातात होता. तो आत गेला.

मधेच त्यांनी मागे हात करून बोटं वर हलवली. मोठ्याने. त्यांच्या मते अजून कमी पडत होतं. म्हाताऱ्याला त्या स्थितीतही चूक काढायचं सुचलं. ती मोठ्याने ओरडली.

तेव्हापासून तसंच चाललंय. सकाळी सेंटरात जायच्या आधी, दुपारी सुट्टीत धावत येऊन, आणि रात्री. म्हातारा पुढे बसतो आणि ओठ हलवतो, सून मागे उभी राहते आणि सासूला शिव्या घालते. जिने हातात डबा दिला तिला दिवसातून तीनदा. घसा बसतो, मग काउंटरवर नाही म्हणताना आवाज चिरका येतो आणि गिऱ्हाईकं आणखी चिडतात. सासरे-सुनेत एकमेकांशी धड शब्द नाही. त्याने तिला माफ केलेलं नाही आणि तिने मागितलेली नाही. पाटी भिंतीवर आहे, काळी केबल टेबलावर आहे. तिचा डावा हात ती आता मांडीखाली धरून बसते, आणि साहेब म्हणतात की काम मंदावलंय.

संध्याकाळी ती दारात येते, चपला काढते. आतल्या खुर्चीवरून म्हातारा मान वर करतो आणि ओठ हलवतो. ती उंबऱ्याशी उभी राहून, भिंतीला हात टेकून, स्वतःलाच दणकावून विचारते, ‘आली का कंपनी उंडारून?’

मग ती थांबते. कधी लगेच येतं, कधी उशीर लागतो, आणि एखाद्या दिवशी येतच नाही, तेव्हा ती पुन्हा विचारते.

‘तिला बोलू नका हो,’ आतून सासू म्हणते. ‘दमून येते ती.’

आणि ती हात धुवायला जाते.